हायलँडरमागे २१ फुटी ट्रेलर: डीलर म्हणतो चालेल, तुम्ही काय म्हणता?

अरोराकर:
नमस्कार मंडळी. आम्ही डेन्व्हरजवळ अरोराला राहतो. जूनमध्ये आई भारतातून येतेय, तेव्हा यलोस्टोन करायचं आहे, जमलं तर पुढे ग्लेशियर. आईला तंबूत झोपवता येणार नाही (गुडघे), आणि उन्हाळ्यात तिकडच्या मोटेलांचे भाव काय होतात ते सगळ्यांनाच ठाऊक आहे. म्हणून ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढून न्यायची, झोपायची सोय असलेली खोली) घ्यायचं घाटतंय.

गाडी २०१९ ची टोयोटा हायलँडर, व्ही-६, टो पॅकेज (ट्रेलर ओढायची जोडणी) कंपनीतूनच आलेलं. ओढायची क्षमता ५,००० पाउंड. मनात भरलेला ट्रेलर २१ फुटी, मुलांसाठी बंक बेडवाला. त्याचं रिकामं वजन ३,८७०, जीव्हीडब्ल्यूआर (भरून जास्तीत जास्त चालणारं वजन) ४,९५० आणि हिचवरचा, म्हणजे गाडीमागच्या जोडावरचा, भार ४०० असं लिहिलंय. डीलर म्हणाला, अकराशे पाउंड हातात शिल्लक राहतात, डोळे मिटून घ्या. बायकोला नेमकी त्या 'डोळे मिटून'चीच शंका आली.

आम्ही पाच जण: मी, बायको, आई, तेरा वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा. ही जोडी जमेल का? गाडीचं कर्ज आत्ता कुठे फिटलंय, त्यामुळे 'ट्रक घ्या' हा सल्ला शक्यतो शेवटी द्या.

इंडी_मराठी:
जमेल की! मी इंडियानात होंडा पायलटमागे साडेचार हजारांचा ट्रेलर बिनदिक्कत नेतो. देशातले बहुतेक आरव्ही (राहण्याच्या गाड्या नि ट्रेलर) इथे एल्कहार्टच्या आसपासच बनतात, रोज रस्त्यावर हेच बघतो. कंपनीने ५,००० लिहिलंय म्हणजे विचार करूनच लिहिलंय ना? चांगला वेट डिस्ट्रिब्युशन हिच (ट्रेलरचा भार सगळ्या चाकांवर वाटणारा जोड) लावा, ब्रेक कंट्रोलर (ट्रेलरचे ब्रेक गाडीतून चालवणारा) बसवून घ्या, साठच्या वर जाऊ नका. झालं. इथे लोक उगाच घाबरवतात.

पंचगंगा:
अरोराकर, ट्रकचा विषय काढत नाही, पण डीलरचं गणित आधी बाजूला ठेवा. मी फोर्ट कॉलिन्सला असते, ट्रेलर मीच ओढते, नवरा शेजारी बसून पेट्रोलचे भाव वाचून दाखवतो. तेव्हा हे सगळं तुमच्याच भागातलं बोलणं आहे.

ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या खांबावर टायरच्या हवेचं पिवळं-पांढरं स्टिकर असतं. माणसं आणि सामान मिळून अमुक पाउंडांच्या वर जाऊ नये, असं एक वाक्य त्यावर आहे. तो आकडा इथे लिहा. नेटवर सापडलेला नको, तुमच्या दारावरचाच हवा, कारण सनरूफ, सीटा, ट्रिम (मॉडेलची साधी-भारी आवृत्ती) यांमुळे एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत बराच फरक पडतो. ट्रेलरचा जो भार हिचच्या बॉलवर बसतो, तोही ह्याच आकड्यातून वजा होतो. माणसं, डिकीतलं सामान, खुद्द हिच आणि हा भार, सगळं एकाच खिशातून जातं. पाच जणांचं कुटुंब असलं की ५,००० पर्यंत पोचायच्या आधीच तो खिसा रिकामा होतो. डीलर ह्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत.

आता हिचवरचे ते ४०० पाउंड. तो रिकाम्या ट्रेलरचा भार आहे. भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर यायला हवा. कमी आला तर ट्रेलर मागे डोलायला लागतो, आणि साठ मैलांच्या वेगात डोलणारा ट्रेलर गाडीलाही सोबत घेऊन जातो. जास्त आला तर गाडीचं बूड दबतं नि पुढची चाकं हलकी होतात. आमच्या शिरोळकडे हंगामात उसाच्या ट्रॉल्यांपुढे ट्रॅक्टरची पुढची चाकं रस्त्यावरून उचललेली बघतच मी मोठी झाले. त्या वेळी स्टेअरिंग नुसतं शोभेला असतं.

आणि रिकामं वजन ३,८७० म्हणजे अगदी रिकामं. पाणी गॅलनला ८.३४ पाउंड, म्हणजे ३० गॅलनची टाकी भरली की अडीचशे झाले. गॅसचे दोन सिलिंडर भरलेले असले तर पाऊणशेच्या आसपास. बॅटरी पन्नास. मग गाद्या-पांघरुणं, खुर्च्या, पाण्याचे पाइप, चाकांखालचे ठोकळे, कुकर, मिक्सर, तांदूळ, आईंनी आणलेली भाजणी आणि 'राहू दे, लागेल' म्हणून घेतलेलं सगळं. हा ट्रेलर ४,७०० च्या खाली रस्त्यावर येणार नाही, लिहून घ्या.

इंडी, तुम्ही म्हणता कंपनीने विचार करून लिहिलंय. बरोबर आहे, पण कसला विचार केला तेही बघू या. ओढायची क्षमता ठरवायच्या मोजमापाचं नाव एसएई जे२८०७. टोयोटाने २०११ च्या मॉडेलांपासून ते इतरांच्या आधी स्वीकारलं, त्याबद्दल त्यांना मानलं पाहिजे. पण त्यात गाडीत दोन माणसं धरतात, प्रत्येकी १५० पाउंडांची. अरोराकर पाच आहेत. चढाची परीक्षा ॲरिझोनात डेव्हिस डॅमच्या घाटात होते: ११.४ मैलांचा चढ, कडक ऊन, एसी पूर्ण चालू, आणि वेग ४० मैलांच्या खाली येता कामा नये. परीक्षा सोपी नाहीच. फक्त तो घाट साडेपाचशे फुटांच्या आसपास सुरू होतो आणि साडेतीन हजारांच्या आसपास संपतो. म्हणजे त्यांचा घाटमाथा अरोराकरांच्या अंगणापेक्षाही खाली!

टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांमागे साधारण तीन टक्के घटते. आय-७० वरच्या आयझेनहावर बोगद्याशी तुम्ही ११,१५८ फुटांवर असता. २०१९ ची व्ही-६ कागदावर २९५ हॉर्सपॉवरची, तिथे पोचेपर्यंत दोनशेच्या आसपास उरते. पलीकडे सिल्व्हरथॉर्नपर्यंत सात टक्क्यांचा उतार. त्या उतारावर बेफाम ट्रकांसाठी बाजूला रेतीच्या चढणी बांधल्या आहेत, त्या उगाच नाहीत. यलोस्टोनला जाताना हा बोगदा लागत नाही, मला माहीत आहे. पण ट्रेलर घेऊन बोगद्यापलीकडे युटातल्या मोआबला न जाणारा कोलोरॅडोकर मला अजून भेटायचाय.

यलोस्टोनच्या वाटेवर वेगळंच प्रकरण आहे, ते म्हणजे वारा. शायेनहून आय-८० पकडलात की रॉलिन्सपर्यंत मधे एल्क माउंटनचा पट्टा लागतो. तिथे वारा वाढला की हलक्या, उंच गाड्यांना रस्ताच बंद करतात. पुढे टोग्वोटी खिंड साडेनऊ हजारांच्या वर. ट्रेलर वजनाने कितीही हलका असला तरी दहा फूट उंचीचं अंग वाऱ्यासमोर उभं राहतं, आणि ते काही टक्केवारीत मोजून मिळत नाही.

आधी स्टिकर वाचून या, मग पुढचं बोलू.

म्युनिककर:
जरा वेगळं विचारतो. इथे जर्मनीत लोक पासाट इस्टेट कारमागे दीड टनाची कॅराव्हान (इथला ट्रॅव्हल ट्रेलर) बांधून सरळ आल्प्स ओलांडून इटलीला जातात. हिचवर ७५ ते १०० किलो, बस्स. मग अमेरिकेतच दहा-पंधरा टक्के कशाला?

उत्तराचा अर्धा भाग मीच देतो. इथे ट्रेलर मागे असला की वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर. तपासणी करून 'टेम्पो १००' ची परवानगी घेतली तर १००. तुमच्याकडे ७० मैल म्हणजे ११२ किलोमीटर, आणि त्या वेगाने ट्रेलर ओढणारे मी स्वतः टेक्सासात पाहिलेत. इथल्या कॅराव्हान बुटक्या आणि हलक्या. जड सामान चाकांच्या वरच ठेवायचं, हे शिकवलं जातं. शिवाय साध्या बी लायसन्सवर गाडी आणि कॅराव्हान मिळून साडेतीन टनांच्या वर गेलं की वेगळं प्रशिक्षण किंवा परीक्षा. तुमच्याकडे तर कालपर्यंत फक्त टोस्टर विकत घेतलेला माणूस दुपारी सात हजार पाउंड मागे लावून डीलरच्या फाटकातून बाहेर पडतो!

ट्रकवाला_ऑस्टिन:
ट्रकचा विषय काढू नका म्हणालात, तरी काढतो, पण उलट्या बाजूने. ट्रक घेतला की प्रश्न मिटला असं समजू नका. एफ-१५० (फोर्डची पिकअप) सुद्धा सनरूफ, मोठी चाकं, चामड्याच्या सीटा घेऊन सजवली की दारावरचा आकडा खाली येतो, मग जाहिरातीतले अकरा-बारा हजार नुसते ऐकायचे. एकाच यार्डात दोन एफ-१५० शेजारी शेजारी उभ्या असतात आणि दोघींच्या स्टिकरांत चारशे-पाचशे पाउंडांचा फरक असतो. साधी ट्रिम जास्त वाहून नेते. विक्रेत्याला ते आवडत नाही. आपण दार उघडून वाचायचं.

अरोराकर:
वाचून आलो. १,३१० पाउंड. मग सगळ्यांना वजनकाट्यावर उभं केलं (आईने साडी जड आहे म्हणून पाच पाउंड वजा करायला लावले). मी १८०, बायको १४०, आई १३५, मुलगी १०५, मुलगा ६०. एकूण ६२०. गाडीत कूलर, बॅगा, आईची औषधं, फोल्डिंग खुर्ची वगैरे ११० धरा.

पंचगंगा:
आईंचे पाच पाउंड मान्य, पण गणितात परत घेते.

१,३१० मधून ६२० गेले, ६९० उरले. सामानाचे ११० गेले, ५८०. वेट डिस्ट्रिब्युशन हिच स्वतःच ८० च्या आसपास भरतो, म्हणजे ट्रेलरच्या भारासाठी ५०० उरले. तुमच्या हायलँडरची हिचवरची मर्यादाही ५००च आहे. तुमचा ट्रेलर भरून ४,७५० धरला आणि तेरा टक्के भार धरला तर ६१७ होतात. जमत नाही.

आता इंडी म्हणतील, दहा टक्के धरा, ४७५ येतात, बसतंय की. कागदावर बसतंय. पण मग तुम्ही पंचवीस पाउंड वाचवायला ट्रेलर मुद्दाम डोलायच्या काठावर नेऊन ठेवता, तेही एल्क माउंटनच्या वाऱ्यात, मागच्या सीटवर आई असताना. आणि तो हिच थोडा भार पुढच्या चाकांकडे नि ट्रेलरच्या चाकांकडे ढकलतो हे खरं, पण त्यामुळे दारावरचा आकडा वाढत नाही. काही कंपन्या तसला हिच लावूच नका म्हणतात, तेव्हा आधी गाडीचं मॅन्युअल वाचा.

तुमच्या गाडीमागे भरलेल्या ट्रेलरची मर्यादा ३,८०० च्या आसपास निघते. मी तुमच्या जागी असते तर जीव्हीडब्ल्यूआर ३,५०० पर्यंतचाच बघितला असता. मग तेरा टक्के धरूनही हिचवर ४५५ येतात आणि उंचीवर इंजिनालाही श्वास घेता येतो. रिकामं वजन बघूच नका, जीव्हीडब्ल्यूआरच बघा, कारण घरची माणसं तो भरूनच टाकतात.

ह्या वजनात दोन प्रकार मिळतात. एक, घडी घालून मिटणारा पॉप-अप: बुटका, वाऱ्याला कमी सापडतो, पाच जण झोपतात, स्वस्तही. पण यलोस्टोनमध्ये फिशिंग ब्रिजच्या कॅम्पग्राउंडला कापडी भिंतीचं काहीच चालत नाही, तिथे ग्रिझली अस्वलं फिरतात म्हणून. मॅडिसन, ग्रँट, कॅन्यनला चालतो. दुसरा, १६ फुटी टणक भिंतींचा. त्या मापात फायबरग्लासचे जुने स्कॅम्प वापरलेले मिळतात, मिनेसोटात बनतात, गळत कमी आणि किंमत टिकून राहते. पाच जण त्यात मावायचे नाहीत. मॅडिसनला जागा घ्या. आई, सूनबाई आणि धाकटा आत, तुम्ही आणि मुलगी बाहेर तंबूत. मुलीला तेच हवं असेल. आईंना रात्री उठून बाथरूमसाठी लांब जायला नको, हे मी सगळ्यात वर ठेवीन, म्हणून आत टॉयलेट असलेलाच बघा.

ब्रेक कंट्रोलर मात्र दोन्हींत हवाच. बहुतेक राज्यांत ३,००० पाउंडांच्या वर ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत, आणि सिल्व्हरथॉर्नच्या उतारावर कायदा नसता तरी मी लावले असते.

इंडी_मराठी:
माझ्याकडे सपाट मका आणि आम्ही दोघंच, हे मान्य. अकरा हजार फुटांवर काय होतं मला माहीत नाही. पण ताई, हिचवरचा खरा भार मोजायचा कसा? मी आजवर डोळ्याने गाडी बसलीये का तेवढंच बघत आलो.

पंचगंगा:
ट्रक स्टॉपवर कॅट स्केल (ट्रक तोलायचा काटा) असतो, पंधरा-वीस डॉलरांत काम होतं. सगळी माणसं, सामान, भरलेली पेट्रोल टाकी घेऊन जा. वेट डिस्ट्रिब्युशन हिच असेल तर काट्यावर त्याच्या दांड्या सैल करा, नाहीतर हिचवरचा भार कमी दिसतो. तीन पाट्या असतात: पुढची चाकं एकीवर, मागची दुसरीवर, ट्रेलर तिसरीवर. पावती घ्या. मग ट्रेलर पार्किंगमध्ये सोडून त्याच माणसांसकट फक्त गाडी परत काट्यावर घाला. पहिल्या पावतीत गाडीच्या दोन्ही धुऱ्यांची बेरीज, त्यातून दुसऱ्या पावतीतली बेरीज वजा केली की हिचवरचा भार मिळतो. मागच्या धुऱ्याचा आकडाही दारावरच्या मर्यादेशी ताडून बघा, कारण पहिला भंग बहुधा तिथेच होतो.

पाण्याची टाकी कुठे आहे तेही बघा. चाकांच्या मागे असेल तर टाकी भरल्यावर हिचवरचा भार घटतो, पुढे असेल तर वाढतो. शक्यतो रिकामीच न्या, कॅम्पसाइटच्या नळावर भरा.

अरोराकर:
ताई, २१ फुटीवाल्याला आज नाही कळवलं. तो लगेच म्हणाला, थांबा, आमच्याकडे वापरलेला एफ-१५० पण आहे, चांगल्या भावात. मी विचारलं, दारावरचं स्टिकर वाचून सांगता का? म्हणाला, बघून फोन करतो. अजून फोन आलेला नाही. पुएब्लोला एक १६ फुटी दिसतोय, आत टॉयलेट आहे, जीव्हीडब्ल्यूआर ३,५००. शनिवारी आईसकट सगळे बघायला जातोय.

पंचगंगा:
जा. चाकांच्या कडेवरची टायर बनल्याची तारीख वाचा (शेवटचे चार आकडे: आठवडा आणि वर्ष), कोपऱ्यांत आणि खिडक्यांखाली दाबून बघा, मऊ लागलं तर पाणी मुरलंय. आणि आईंना आत बसून टॉयलेटचं दार लावून बघायला सांगा. सोळा फुटांत गुडघे कुठे अडतात ते फोटोत दिसत नाही.