जोडटिप पाणसळीने बसवायची की बंपर बघून?

गंगापूररोडकर
गेल्या रविवारी अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये हॅचबॅकला जोडटिप, म्हणजे सायलेन्सरच्या पाइपच्या मागच्या तोंडाला लावायची शोभेची दुहेरी नळी, बसवून घेतली. पाइप एकच, टोकाला दोन नळकांडी, क्लॅम्पवर आवळायची. कारागिराने गाडी लिफ्टवर घेतली, नळकांड्यांवर आडवी पाणसळ ठेवली, बुडबुडा मध्ये आणला आणि बोल्ट आवळला. "साहेब, केसाचा फरक नाही." घरी येऊन पार्किंगमध्ये मागून बघतो तर उजवीकडचं नळकांडं गळून पडल्यासारखं. बायकोला काही न सांगता नुसतं उभं केलं. ती म्हणाली, "वाकडं का लावलंय?"

कारण सरळ आहे. बंपरची खालची कड कोपऱ्याकडे जाताना वर चढते. टिप जमिनीला समांतर, कड चढती, त्यामुळे बाहेरच्या नळकांड्यावर फट मोठी दिसते. माझं मत: पाणसळ गवंड्याला द्यावी. टिप बंपर बघूनच लावावी, दोन्हींवर फट सारखी सुटली की झालं. सिग्नलला आपल्या मागे थांबलेला माणूस काही पाणसळ घेऊन बसलेला नसतो.

सातपूरचा वेल्डर
आणि बंपर सरळ आहे हे कोणी सांगितलं? प्लास्टिकचा, क्लिपांवर अडकवलेला. मुंबई नाक्याच्या गर्दीत कोणी हलकंसं टेकलं की एका बाजूने बोटभर उतरतो. एका गिऱ्हाइकाने हट्टाने बंपरला जुळवून टिप वेल्ड करून घेतली. दोन महिन्यांनी त्याने क्लिपा बदलल्या, बंपर जागेवर गेला, आणि हा माझ्याकडे भांडायला हजर.

पाणसळीत दोष नाही, ती ठेवली तिथे दोष आहे. लिफ्टचे हात जरा खालीवर असले की गाडीच तिरकी उभी असते. मग टिपवरचा बुडबुडा मध्ये आणून तुम्ही टिप लिफ्टखालच्या फरशीशी जुळवली, गाडीशी नाही. पाणसळ आधी डिकीच्या उंबऱ्यावर आडवी ठेवायची, बुडबुडा कुठे थांबतो ते बघायचं आणि टिपवर त्याला तिथेच आणायचं. मग गाडी उतारावर असली तरी बिघडत नाही.

गंगापूररोडकर
उंबऱ्याची युक्ती मानली दादा. पण त्याने टिप गाडीला सरळ होईल. चढत्या कडेखाली ती वाकडी दिसायची ती दिसणारच, आणि दिसण्यासाठीच तर पैसे घातले.

नाशिकरोड_डिझेल
दोघं थंड गाडीवर भांडताय. साध्या लोखंडाचा ३ मीटर पाइप २०० अंशांनी तापला तर साधारण ७ मिलिमीटर वाढतो, ३०४ स्टेनलेसचा १० च्या आसपास. पुढून तो इंजिनाला धरलेला, म्हणून वाढ मागे येते. शिवाय रेस दिली की इंजिन डोलतं आणि रबरांवर लटकलेलं शेपूटही डोलतं. माझ्या पहिल्या गाडीला टिप अशी बसवली होती की बंपरच्या खाचेत कागद जाणार नाही. सगळे वा वा म्हणाले. कसारा घाट चढून इगतपुरीला चहाला थांबलो तर जळका वास. खाली वाकून बघतो, बंपरची कड मेणबत्तीसारखी ओघळलेली! तेव्हापासून चहूबाजूंनी बोटभर फट. ती डावीउजवीकडे दोन मिलिमीटर कमीजास्त दिसली तरी माझी झोप उडत नाही.

आणि आधी रबरं बघा. सिंहस्थाच्या कामांनी रस्ते उकरलेत, त्यावर रोज गाडी आपटते. एक रबर चिरलं की पाइप एका अंगाने लोंबतो, मग टिप कशीही फिरवा. थंड असताना पाइप हाताने हलवून बघितला तरी लगेच कळतं.

पंचवटी_पायी
मला हा खटाटोपच कळत नाही. दोन गाड्यांच्या मधून निघताना बाहेर आलेल्या अशाच एका टिपने पोटरीला चटका दिला, डाग अजून आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा, गाडीत मनाला येईल ते बदल करता येत नाहीत.

गंगापूररोडकर
सायलेन्सरला हात लावलेला नाही, मूळ पाइपही कापलेला नाही. आवाज होता तेवढाच आहे. चटक्याचं मात्र खरंय, तुमच्या पोटरीची माफी मागतो. टिपचं तोंड बंपरच्या रेषेपुढे येऊ नये.

सातपूरचा वेल्डर
घाबरून फार आतही घेऊ नका. धूर बंपरच्या पोटाला लागतो, तिथे काजळी धरते आणि प्लास्टिक तापतं ते वेगळंच.

एक राहिलं. टिपला मागे, म्हणजे तोंडाकडे, किंचित ढाळ हवा. हिवाळ्यात सकाळी गाडी चालू केली की पाइपातून पाणी ठिबकतं. रुबाबासाठी टिपचं तोंड वर केलं तर ते पाणी सांध्यात साचतं आणि मूळ पाइप तिथून गंजायला लागतो. मोरीला देतात तेवढा ढाळ पुरे.

गंगापूररोडकर
आज गाडीखाली गेलो. मागचं एक रबर खरंच चिरलेलं! बदललं तर पाइप आपोआप वर आला, अर्धं दुखणं तिथेच गेलं. मग उंबऱ्याच्या हिशोबाने टिप सरळ केली आणि फट मोजली: आतल्या नळकांड्यावर १४ मिलिमीटर, बाहेरच्यावर १९. तरी डोळ्याला खुपत होतं. क्लॅम्प ढिला करून थोडी फिरवली, आता १५ आणि १८. बायको म्हणाली, "आता बरंय." त्र्यंबकेश्वरपर्यंत जाऊन आलो, पूर्ण निवल्यावर बोल्ट परत आवळला, पाव आटा तरी आत गेला. वेल्ड करून टाकू का?

नाशिकरोड_डिझेल
एवढ्यात नको. महिनाभर गाडी क्लॅम्पवरच फिरवा.

सातपूरचा वेल्डर
म्हणजे ना पाणसळीचं ऐकलंत ना बंपरचं. असो. वेल्डिंगला आणाल तेव्हा बॅटरीची निगेटिव्ह काढून आधी दोनच टॅक, म्हणजे वेल्डचे ठिपके, मारीन. गाडी खाली उतरवतो, वहिनींना दाखवा, त्या हो म्हणाल्या की पुढचं.