पोलिसांच्या हेलिकॉप्टरचा वैमानिक होण्यासाठी पोलीस भरतीतून वाट आहे का?

प्रश्न : पालक, इंदिरानगर

माझी मुलगी अकरावी विज्ञानला आहे. परदेशी पोलीस हेलिकॉप्टरमधून चोरांचा पाठलाग करतात, त्या चित्रफिती पाहून तिने हेच काम करायचे मनावर घेतले आहे. पोलीस अकादमी त्र्यंबक रस्त्यावर आणि लष्कराची हेलिकॉप्टर शाळा गांधीनगरला, म्हणजे दोन्ही नाशिकमध्येच. तेव्हा उपनिरीक्षकाची परीक्षा द्यायची आणि पुढे खात्यामार्फत उड्डाण शिकायचे, असा तिचा हिशेब आहे. तो बरोबर आहे का? गणित जड जाते म्हणून ते सोडायचेही तिच्या मनात आहे.

उत्तर : निवृत्त सैनिक, देवळाली कॅम्प

ताई, गणित मुळीच सोडू देऊ नका. बाकीचा हिशेबही उलटा आहे. आधी गस्तीवरचा पोलीस आणि मग वैमानिक, ही लॉस एंजेलिससारख्या शहरांतली पद्धत. इंग्लंडमध्ये तर वैमानिक नागरी कर्मचारी असतो आणि कॅमेरा व वायरलेस सांभाळणारे पोलीस त्याच्याबरोबर बसतात. आपल्याकडे गडचिरोलीच्या जंगलातून जखमी जवानाला उचलून आणायचे, तर तयार आणि मुरलेला वैमानिक लागतो, आणि असे वैमानिक बहुतेक सैन्यदलांतूनच येतात. केंद्रीय गृह मंत्रालयाकडे सीमा सुरक्षा दलाची हवाई शाखा १९६९ पासून आहे; तिथेही अनुभवालाच मोल आहे.

गांधीनगरच्या शाळेत थेट प्रवेश नसतो, तिथे लष्करात अधिकारी झालेलेच निवडून येतात. मुलींना ही वाट आता मोकळी आहे : कॅप्टन अभिलाषा बराक २०२२ मध्ये याच शाळेतून लष्कराच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक म्हणून बाहेर पडल्या, आणि त्याच वर्षी एनडीएमध्ये, म्हणजे बारावीनंतर सैन्यदलांचे अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, मुलींची पहिली तुकडी दाखल झाली. मात्र वैमानिक निवडीची यंत्रावरील चाचणी आयुष्यात एकदाच देता येते, तेव्हा ‘बघू या देऊन’ म्हणत तिला सामोरे जाऊ नये.

उत्तर : परवानाधारक, नाशिकरोड

नागरी वाटही आहे. हेलिकॉप्टरच्या व्यावसायिक परवान्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित, वय किमान १८, १५० तासांचे उड्डाण, डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) लेखी परीक्षा आणि प्रथम श्रेणीची वैद्यकीय तपासणी लागते. हेलिकॉप्टरचा तास विमानाच्या तासापेक्षा बराच महाग पडतो, आणि खरी अडचण परवान्यानंतर सुरू होते, कारण सरकारी कामासाठी अनुभवी वैमानिक मागतात आणि अनुभव मिळवायला आधी कुणीतरी नोकरीवर घ्यावे लागते.

एका जागी तरंगत राहणे हीच नवशिक्याची पहिली कसोटी. डाव्या हातातला दांडा किंचित उचलला की नाक वळू लागते, ते पायाच्या पेडलने सावरावे तोवर उजव्या हातातल्या दांड्याची दुरुस्ती आलीच. हे अंगवळणी पडते. रंगांधळेपणा मात्र सरावाने जात नाही, म्हणून शुल्क भरण्याआधी ठिपक्यांतले आकडे वाचण्याची चाचणी नेत्रतज्ज्ञांकडे करून घ्यावी.

उत्तर : निवृत्त पोलीस अधिकारी, गंगापूर रस्ता

अकादमीत उपनिरीक्षकांना कायदा, तपास, कवायत आणि शस्त्रे शिकवतात; उड्डाण नाही. खात्यात राहून हेलिकॉप्टरशी संबंध येतो तो बहुधा प्रवासी म्हणून किंवा जमिनीवरून. गडचिरोलीत उतरण्याची जागा मोकळी करून तिला कडे घालावे लागते, आणि पंखा जवळ आला की धुळीत शेजारचा माणूस दिसत नाही. मुलीला पोलिसांचेच काम हवे असेल तर उपनिरीक्षकाची परीक्षा योग्य आहे. उडायचेच असेल, तर बारावीच्या वर्षातच एनडीएच्या परीक्षेला बसवा. ती वर्षातून दोनदा होते, आणि वयाची अट लवकर संपते.