आईच्या श्वासनलिकेत गाठ: आधी गोळ्या की आधी गाठ काढायची?

आईचं (वय ६३) स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन २०१२ मध्ये झालं. केमो, रेडिएशन, मग पाच वर्षं टॅमोक्सिफेनच्या हार्मोनविरोधी गोळ्या. संपलं असंच धरून चाललो होतो. यंदा खोकला लागला. दमा समजून तीन महिने पंप चालू होता. खरं तर छातीतली ती बारीक शिट्टी फक्त डावीकडूनच ऐकू यायची. मला ते जाणवलं होतं, बोलले नाही.

सीटी स्कॅनमध्ये डाव्या मुख्य श्वासनलिकेत गाठ दिसली. दुर्बिणीतून तुकडा काढला, पेशी स्तनाच्याच निघाल्या. ईआर पॉझिटिव्ह (म्हणजे इस्ट्रोजेन हार्मोनवर वाढणाऱ्या), हर-टू निगेटिव्ह (म्हणजे हर-टू नावाचं प्रथिन जास्त नसलेल्या). (नातेवाइकांना रोज सांगते, हा फुफ्फुसाचा कॅन्सर नाही, जुनंच दुखणं तिथे जाऊन बसलंय. पटत नाही कुणाला.)

कॅन्सरचे डॉक्टर म्हणतात, लेट्रोझोल आणि पाल्बोसिक्लिब या गोळ्या लगेच सुरू करू, गाठ आकसेल. छातीचे डॉक्टर म्हणतात, गोळ्यांचा गुण यायला कित्येक आठवडे जातील, तोवर नळी बंद झाली तर? पूर्ण भूल देऊन गाठ आतून जाळून काढू, लागलंच तर स्टेंट (नळी उघडी ठेवणारी छोटी नळी) टाकू. मला दोघांचंही पटतं. दोघं एकमेकांशी बोललेत की नाही, तेच कळत नाही.

आई तीन उशा लावून बसूनच झोपते. बोलता बोलता श्वासासाठी थांबते, आणि मग काय सांगत होती तेच विसरते.

कुणाच्या घरी हे झालंय का? स्टेंट घेऊन माणूस नीट राहतो का?

प्रतिसाद:
माझ्या मावशीला झालं होतं. ताई, एक विचारा: गाठ नळीच्या आत वाढलीय की बाहेरून दाबतेय? आतली लेझरने वा जाळून काढता येते, बाहेरच्या दाबाला त्याचा उपयोग नाही, तिथे स्टेंटच लागतो. मावशीची आत होती. आधी ती काढली, गोळ्या नंतर. त्याच संध्याकाळी ती आडवी झोपली. स्टेंटमध्ये कफ चिकटतो, त्यामुळे वाफारा रोजचा होतो, पण गाठ आकसल्यावर काही स्टेंट काढताही येतात. पाल्बोसिक्लिबने पांढऱ्या पेशी उतरतात, म्हणून गोळ्या आधी सुरू झाल्याच तर भूल देणाऱ्यांना तसं सांगा. आणि खोकल्यातून रक्त आलं किंवा बसूनही दम लागला, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, सरळ इमर्जन्सीत न्या.

धागाकर्ती:
गाठ आतच आहे, आत्ता रिपोर्ट काढून बघितला. उद्या दोघा डॉक्टरांना एकत्र बसवायला सांगते.