मदत हवी आहे : ‘दाद देणे’ मधली दाद आली कुठून?

नमस्कार मंडळी, जळगावला आमच्याकडे पुढच्या महिन्यात काव्यवाचनाचा कार्यक्रम आहे, सूत्रसंचालन माझ्याकडे आलंय. लिहिता लिहिता ‘रसिकांनी भरभरून दाद द्यावी’ असं लिहिलं आणि तिथंच अडकले.

म्हणजे बघा ना, केळीच्या पीकविम्यासाठी शेतकरी कोर्टात दाद मागतात तीपण दादच, आणि गझलेच्या शेराला आपण देतो तीही दाद. वर परत गंजलेला नट पान्याला दाद देत नाही असं मेकॅनिक म्हणतो ते वेगळंच. एवढं माहितीये की शब्द फारसी आहे, मूळ अर्थ न्याय, म्हणून तर ‘दाद ना फिर्याद’ म्हणतो आपण, फिर्यादही तिकडचाच. पण न्यायावरून कौतुकावर गाडी कशी आली? मला आपलं वाटतं की चांगल्या ओळीला ‘वा!’ म्हणणं हा तिला दिलेला न्यायच, तिचं जे देणं होतं ते दिलं. हे बरोबर आहे का, की मी उगाच जुळवतेय? फारसी किंवा उर्दू शिकलेलं कोणी असेल तर प्लीज नीट सांगा, मला हे स्टेजवरून बोलायचंय आणि चुकीचं काही बोलायचं नाहीये.

अजून एक, धुळे-नंदुरबारकडच्यांना खास विचारतेय, बुऱ्हाणपूरला खानदेशच्या फारुकी सुलतानांची गादी होती, 1601 पर्यंत, म्हणजे फारसी आपल्या दारातच होती, तर अहिराणीत म्हातारी माणसं ‘दाद’ कौतुकासाठी वापरतात का, की नुसती तक्रारीसाठी? घरात आजी-आजोबा असतील तर विचारून वाक्यासकट टाका.