मदत हवी आहे: नाशिकचा जुना फ्लॅट विकून पुण्यात घर घ्यावे का? शहरनिहाय भाववाढीचे आकडे कसे वाचावेत?

नमस्कार.

आम्ही पुण्यात कर्वेनगरला भाड्याच्या घरात राहतो. घर तिसऱ्या मजल्यावर आहे, इमारतीला लिफ्ट नाही आणि आईला गुडघ्यांमुळे जिना चढणे आता झेपत नाही. नाशिकला गंगापूर रोडवर वडिलांनी २००६ साली बारा लाखांना घेतलेला दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. २०१९ मध्ये वडील गेले, आई आमच्याकडे आली आणि तेव्हापासून तो फ्लॅट भाड्याने दिलेला आहे. सध्या महिना चौदा हजार भाडे येते. वारस आई आणि मी अशा दोघीच आहोत आणि नावे लावण्याचे काम पूर्ण झालेले आहे. नाशिकचे एजंट पंचावन्न लाखांच्या आसपास किंमत सांगतात. तो विकून, वर कर्ज काढून, वारजे-बावधन भागात लिफ्ट असलेल्या इमारतीत एक कोटी दहा लाखांपर्यंतचे घर घ्यावे असा विचार चालू आहे.

अडचण निर्णयाची आहेच, पण त्याआधी आकड्यांची आहे. कोणत्या शहरात घरांच्या किमती किती वाढतील हे शोधू लागल्यावर इतके वेगवेगळे आकडे समोर आले, की त्यांतला कोणता कशासाठी वापरायचा हेच कळेनासे झाले. शासनाने १ एप्रिल २०२५ पासून लागू केलेल्या रेडी रेकनरमध्ये, म्हणजे मालमत्तांच्या शासकीय दर तक्त्यात, पुणे महापालिका क्षेत्रात सरासरी ४.१६ टक्के, पिंपरी-चिंचवडमध्ये ६.६९, नाशिकमध्ये ७.३१, ठाण्यात ७.७२ आणि सोलापुरात तर १०.१७ टक्के वाढ झालेली आहे. यावरून नाशिकची बाजारपेठ पुण्यापेक्षा वेगाने वाढते आहे आणि तिथला फ्लॅट विकणे तोट्याचे ठरेल, असा अर्थ काढता येईल का? दुसरीकडे, सल्लागार कंपन्यांच्या अहवालांत पुण्याचा प्रति चौरस फूट सरासरी दर वर्षागणिक चढताना दिसतो, आणि बावधनच्या एका विक्री कार्यालयात तर आम्हाला ‘दहा वर्षांत दुप्पट’ असे अगदी सहज सांगण्यात आले. नाशिकचे एजंट म्हणतात की २०२७ चा सिंहस्थ होईपर्यंत थांबा. पुण्याचे म्हणतात की व्याजदर उतरले आहेत, आता थांबलात तर भाव हाताबाहेर जातील. दोघांचाही त्यात स्वार्थ आहे, हे मला समजते.

ज्यांनी अशी तुलना प्रत्यक्ष केली आहे किंवा ज्यांचा या आकड्यांशी कामानिमित्त संबंध येतो, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. ‘पुण्यात घर कधीही चांगलेच’ अशा स्वरूपाचे सल्ले घरी भरपूर मिळालेले आहेत.

दस्तवाला:

ताई, सुरुवात रेडी रेकनरपासून करतो, कारण तुमचा पहिला प्रश्न तिथेच सुटतो. हा दर तक्ता मुद्रांक शुल्क आकारण्यासाठी असतो. नोंदणी व मुद्रांक विभाग तो आधी नोंदल्या गेलेल्या दस्तांतील किमती पाहून ठरवतो, त्यामुळे तो बाजाराच्या मागून चालतो, पुढचे काही सांगत नाही. शिवाय २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षी राज्यात हे दर वाढवलेलेच नव्हते. म्हणजे नाशिकचे ७.३१ टक्के ही एका वर्षाची वाढ नाही. जिथे तक्त्यातला दर आणि प्रत्यक्ष नोंदणीची किंमत यांच्यात अंतर जास्त साचले होते, तिथे वाढ जास्त दिसते. सोलापूर यादीत पहिले आहे म्हणून घरांची मागणी सोलापुरात सर्वाधिक आहे असे कोणी म्हणणार नाही. नाशिक आणि पुण्याच्या बाबतीतही तोच न्याय लावा. त्यातून शहराची सरासरी ही अनेक मूल्य विभागांची सरासरी असते आणि तुमचा फ्लॅट त्यांतल्या एकाच विभागात आहे.

तुम्हाला खरी किंमत हवी असेल तर इंडेक्स टू, म्हणजे सूची क्रमांक दोन, हा नोंदलेल्या दस्ताचा सारांश पाहा. विभागाच्या संकेतस्थळावर जिल्हा, वर्ष, गाव आणि मिळकत क्रमांक टाकून नोंदलेले दस्त शोधता येतात. प्रत्येक नोंदीत ‘मोबदला’ आणि ‘बाजारभाव’ असे दोन वेगळे रकाने असतात. मोबदला म्हणजे दस्तात नोंदलेली व्यवहाराची किंमत आणि बाजारभाव म्हणजे रेडी रेकनरप्रमाणे निघालेले मूल्य. तुमच्याच सोसायटीतले आणि शेजारच्या, त्याच वयाच्या दोन-तीन इमारतींमधले गेल्या काही वर्षांचे दस्त काढा. क्षेत्रफळ मात्र नीट बघा, कारण जुन्या दस्तांत बांधीव (भिंती धरून) आणि नव्यांत चटई क्षेत्र (आतले वापरण्याजोगे) असते, आणि दोन्हींच्या दरांची थेट तुलना केली तर भलताच निष्कर्ष निघतो. एवढे काम एका रविवारचे आहे आणि ते कोणत्याही शहरनिहाय अंदाजापेक्षा तुमच्या जास्त उपयोगाचे आहे.

नाशिककर:

सिंहस्थाबद्दल एवढेच सांगतो की त्या निमित्ताने रस्ते, पूल आणि घाटांची कामे होतात, आणि जिथे नवा रस्ता जातो तिथल्या जमिनीला भाव येतो. गंगापूर रोडवरचा वीस वर्षे जुना फ्लॅट घेणारा माणूस शाळा, पार्किंग आणि पाणी पाहून घेतो. त्याचा पर्वणीशी काय संबंध? समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये इगतपुरी-आमणे टप्प्यासह पूर्ण खुला झाला, त्याचा परिणाम नाशिकवर होईल असे मलाही वाटते. पण तो आधी इगतपुरी, घोटी आणि शहराच्या कडेच्या जमिनींवर होईल. तुमच्या इमारतीचे अभिहस्तांतरण, म्हणजे बिल्डरकडून जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावे होणे, झाले आहे का, हे विचारा. जमीन सोसायटीच्या नावावर असेल तर पुढेमागे पुनर्विकासाची आशा आहे. नसेल तर थांबून काय मिळणार, हा प्रश्नच आहे.

सांख्यिकी:

अंदाजांच्या बाबतीत, कोणता आकडा काय मोजतो हे आधी पाहावे लागेल. सल्लागारांच्या अहवालांतला शहराचा सरासरी दर बहुतेक वेळा नव्या प्रकल्पांच्या जाहीर दरांवर आधारलेला असतो. एखाद्या वर्षी बाणेर, बालेवाडी आणि खराडीत मोठ्या, महागड्या घरांचे प्रकल्प जास्त आले आणि वाघोलीकडे छोट्या घरांचे कमी आले, तर एकाही घराची किंमत न वाढता शहराची सरासरी वर जाते. ही मिश्रणाची वाढ आहे. ज्याच्याकडे वारज्यात पंधरा वर्षांचे घर आहे, त्याच्या पदरात यातले काही पडत नाही.

निर्देशांक त्या मानाने बरे, कारण ते भार देऊन हा दोष कमी करतात. रिझर्व्ह बँकेचा घरांचा किंमत निर्देशांक नोंदणीच्या आकड्यांवरून काढला जातो. पूर्वी त्यात फक्त दहा शहरे होती आणि महाराष्ट्रातून एकटी मुंबई होती; २०२२-२३ हे पायाभूत वर्ष धरून काढलेल्या नव्या मालिकेत शहरे अठरा झाली आणि पुणे, ठाणे व नागपूर यांचा समावेश झाला. नाशिक त्यात नाही. राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेच्या रेसिडेक्स या घरकिमतींच्या निर्देशांकात पन्नास शहरे आहेत आणि तिथे नाशिक आहे, पण त्याचा मुख्य निर्देशांक कर्ज देताना केलेल्या मूल्यांकनांवर आधारलेला आहे, तर दुसरा बांधकाम चालू असलेल्या घरांच्या बाजारभावावर. म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या मालिकेतले पुणे आणि रेसिडेक्समधले नाशिक शेजारी ठेवून वजाबाकी करू नका. तुलना करायचीच असेल तर दोन्ही शहरे रेसिडेक्समधूनच घ्या.

आता ‘दहा वर्षांत दुप्पट’. त्यासाठी दरवर्षी साधारण ७.२ टक्के वाढ, तीही दहा वर्षे न चुकता, लागते. पाच टक्क्यांनी वाढ झाली तर १.६३ पट होते. पुण्यात मुद्रांक शुल्क, स्थानिक संस्था कर आणि मेट्रो अधिभार मिळून सात टक्के भरावे लागतात, म्हणजे तुमच्या बजेटवर सात लाख सत्तर हजार, शिवाय तीस हजार नोंदणी फी. पाच टक्क्यांच्या वाढीने दीड वर्ष तरी केवळ हा खर्च भरून निघण्यात जाते. बांधकाम चालू असलेले घर घेतले तर वर पाच टक्के जीएसटी. बांधकाम पूर्ण होऊन भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या घराला तो लागत नाही.

व्याजदराबद्दल: रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना कर्ज देते तो दर, २०२५ च्या सुरुवातीला ६.५० टक्के होता, तो डिसेंबरात ५.२५ वर आला, हे खरे आहे. पण बदलत्या दराचे कर्ज वीस वर्षांसाठी घेताना आजचा हप्ता हा केवळ आजचा असतो.

आणि मूळ गरजेविषयी थोडे आगाऊपणे. आईंना लिफ्ट हवी आहे आणि ती पुढच्या महिन्यात भाड्याच्या घरातही मिळू शकते. तुमच्या नाशिकच्या फ्लॅटचे वार्षिक भाडे एक लाख अडुसष्ट हजार, म्हणजे पंचावन्न लाखांवर जेमतेम तीन टक्के. सोसायटीचा देखभाल खर्च आणि मालमत्ता कर वजा केल्यावर त्याहून कमी. पुण्यात घर विकत घेतले तर तसेच घर भाड्याने घेण्याचे जे भाडे वाचेल, त्याचा हिशेबही असाच करून पाहा. घराची गरज आणि गुंतवणुकीची घाई एकमेकींत मिसळली की विक्री कार्यालयाचे काम सोपे होते.

धागाकर्ती:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रेडी रेकनर दोन वर्षे स्थिर होता, हा दुवा माझ्याकडून सुटलेला होता. अभिहस्तांतरणाबद्दल चेअरमनना विचारले. ते झालेले नाही आणि बिल्डर दाद देत नाही. मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवाय ते करून घेण्यासाठी, जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करावा, असे सभेत नुसते बोलून झाले आहे. हे ऐकून नाशिकचा फ्लॅट धरून ठेवण्यातला माझा रस कमी झाला. आता एकच विचारायचे आहे: विक्रीवर कर किती बसेल, आणि दोघी मालक असल्याने त्यात काही फरक पडतो का?

करसल्ला:

फरक पडतो. वारसाने आलेल्या मालमत्तेत वडिलांची खरेदी किंमत आणि त्यांचे खरेदीचे वर्षच धरले जाते. २३ जुलै २०२४ पूर्वी मिळालेल्या घरावर निवासी व्यक्तीला दोन हिशेबांपैकी ज्यात कर कमी येईल तो लागू होतो. महागाई निर्देशांक (ज्याने खरेदी किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरतात) न लावता नफा ५५ वजा १२, म्हणजे ४३ लाख. त्यावर साडेबारा टक्क्यांनी ५ लाख ३७ हजार ५००. निर्देशांक लावून, २००६-०७ चा १२२ आणि २०२५-२६ चा ३७६ घेतला, तर खरेदी किंमत सुमारे ३७ लाख होते, नफा १८ लाख आणि वीस टक्क्यांनी कर तीन लाख साठ हजारांच्या आसपास. उपकर वेगळा. म्हणजे तुमच्या बाबतीत निर्देशांकाची जुनी पद्धत स्वस्त पडते.

नफा तुमच्या दोघींच्या हिश्शाप्रमाणे विभागला जाईल आणि प्रत्येकीचा कर स्वतंत्रपणे मोजला जाईल. आईंचे दुसरे उत्पन्न कमी असेल तर करमुक्त मर्यादेचा उरलेला भाग त्यांना या नफ्यासाठी वापरता येतो. घर विकून घर घेणाऱ्याला भांडवली नफ्यावरील करात सूट मिळते ती विक्रीपूर्वी एक वर्ष किंवा विक्रीनंतर दोन वर्षांच्या आत खरेदी केल्यास. पण ती प्रत्येक मालकाला त्याच्या स्वतःच्या गुंतवणुकीपुरती असते, म्हणून नव्या घरात आईंचेही नाव आणि पैसे असणे श्रेयस्कर. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत घर ठरले नाही तर रक्कम बँकेतल्या भांडवली नफा खात्यात ठेवा. दोन वर्षांची ही मुदत पाहता घाईने सौदा करण्याचे कारण नाही. तोवर लिफ्टचे घर भाड्याने घ्यावे, हे वरचे मत मला पटते.

आणखी दोन गोष्टी. विक्रीची किंमत पन्नास लाखांच्या वर असल्याने घेणारा एक टक्का टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापून भरेल. रेडी रेकनरचे मूल्य तुमच्या विक्री किमतीपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त निघाले, तर कर त्या मूल्यावर लागतो, तेव्हा इंडेक्स टू काढाल तेव्हा तो रकानाही पाहून ठेवा. नवे घर फक्त आई आणि तुमच्या नावे, म्हणजे केवळ महिलांच्या नावे घेतलेत तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. एक कोटी दहा लाखांवर ती एक लाख दहा हजार होते. कर्जासाठी यजमान सहअर्जदार होऊ शकतात का, हे मात्र बँकेला आधी विचारा, आणि करारनाम्याचा मसुदा बनण्यापूर्वी विचारा, कारण नंतर नाव काढायचे किंवा घालायचे म्हटले की पुन्हा दस्त आणि पुन्हा शुल्क.