हरितगृहातील जुने माध्यम व कुंड्या नव्या हंगामासाठी कशा तयार कराव्यात? मदत हवी आहे

नमस्कार.

माझ्या छोट्या हरितगृहात लवकरच नव्या हंगामाची लागण करावयाची आहे, आणि त्याआधी कुंड्यांची स्वच्छता व माध्यमाची तयारी कोणत्या क्रमाने करावी, याबद्दल जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. गेल्या हंगामात 20 लिटरच्या कापडी ग्रो बॅगांमध्ये टोमॅटो आणि 12 लिटरच्या प्लास्टिकच्या कुंड्यांमध्ये ढोबळी मिरची होती. माध्यम कोकोपीट, कुजलेले शेणखत आणि परलाइट (हलके, सच्छिद्र खनिज) यांचे असून ते अजून बऱ्यापैकी भुसभुशीत आहे. त्यामुळे सगळेच फेकून देणे मनाला पटत नाही.

अडचणी दोन आहेत. पहिली क्षारांची. बॅगांच्या बाहेरच्या बाजूला, विशेषतः शिवणीजवळ, पांढरी खरखरीत पुटे धरली आहेत. हरितगृहात पावसाचे पाणी माध्यमातून निथळून जात नाही आणि ठिबकमधून दिलेल्या खतांचे उरलेले क्षार तिथेच साचत राहतात, हे कारण मला समजते. परंतु ते धुऊन काढण्यासाठी किती पाणी द्यावे आणि पुरेसे धुतले गेले हे कसे ओळखावे, याचा अंदाज येत नाही. दुसरी अडचण अधिक गंभीर वाटते. हंगामाच्या शेवटी टोमॅटोची काही झाडे खालच्या पानांपासून पिवळी पडत जाऊन सुकली. खोड उभे चिरून पाहिले तेव्हा सालीच्या आत तपकिरी रेषा दिसल्या, मात्र मुळांवर गाठी नव्हत्या.

या माध्यमाला उष्णता द्यावी, असा सल्ला मिळतो. ट्रायकोडर्मा (उपयुक्त बुरशी), निंबोळी पेंड आणि ताजे गांडूळखत मिसळावे, असाही मिळतो. या सर्व गोष्टी कराव्यात हे मान्य केले, तरी आधी काय आणि नंतर काय, हे कोणी स्पष्ट सांगत नाही, आणि माझा मुख्य प्रश्न तोच आहे. शिवाय निचऱ्यासाठी कुंडीच्या तळाशी खडीचा थर द्यावा का, हेही कळवावे.

प्रतिसाद

आपण खोड चिरून पाहिलेत हे फार चांगले केलेत, कारण पुढचे सर्व निर्णय रोगाच्या कारणावर अवलंबून आहेत. खालून वर चढत गेलेला पिवळेपणा आणि तपकिरी रेषा यांवरून बुरशीजन्य, बहुधा फ्युजेरियम बुरशीच्या, मर रोगाची शक्यता अधिक दिसते. जिवाणूजन्य मर रोगात झाड बहुधा हिरवे असतानाच एकाएकी माना टाकते. पुन्हा असे झाड आढळल्यास खोडाचा ताजा तुकडा स्वच्छ पाण्याच्या ग्लासात उभा धरावा. काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखा धागा खाली उतरू लागला, तर कारण जिवाणू आहे असे समजावे.

ज्या बॅगांतील झाडे मेली, त्यांतील माध्यम पुन्हा वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. या बुरशीचे जाड भिंतीचे बीजाणू मातीत अनेक वर्षे टिकतात, आणि थोडे माध्यम वाचवण्यासाठी सगळे हरितगृह धोक्यात घालणे योग्य नाही. त्या कापडी बॅगाही काढून टाकाव्यात, कारण विणीत अडकलेली मुळे पूर्णपणे निघत नाहीत.

उरलेल्या माध्यमासाठी क्रम असा ठेवावा. प्रथम जुनी मुळे वेचून काढावीत आणि क्षार धुवावेत: कुंडीच्या आकारमानाच्या साधारण दुप्पट पाणी सावकाश, थांबून थांबून सोडावे आणि खालून येणाऱ्या पाण्याची ईसी (विद्युतवाहकता, जिच्यावरून विरघळलेले क्षार कळतात) मोजावी, ती दिलेल्या पाण्याच्या ईसीजवळ आली की धुणे पुरे झाले. त्यानंतर उष्णता द्यावी. माध्यम वाफशावर, म्हणजे ओलसर पण पाणी न साचलेले, असतानाच उष्णता आत नीट पोहोचते, म्हणून धुणे आधी. पारदर्शक प्लास्टिकच्या दुहेरी आच्छादनाखाली, कडक उन्हात, पातळ थर पसरून माध्यमाच्या मध्यभागाचे तापमान 70 अंश सेल्सिअसला अर्धा तास किंवा 60 अंशांना एक तास टिकले पाहिजे, आणि ते थर्मामीटरनेच तपासावे. वाफ देणार असाल तर फार जास्त तापवू नये; अतितापलेल्या सेंद्रिय माध्यमात अमोनिया आणि मँगनीज मुळांना घातक ठरेल इतके वाढू शकते. गांडूळखत, पेंड आणि ट्रायकोडर्मा हे सर्व माध्यम पूर्ण थंड झाल्यावर मिसळावे, नाहीतर उपयुक्त जीवही त्याच उष्णतेत मरतील. पेंड मिसळल्यावर लागणीपूर्वी दोन-तीन आठवडे जाऊ द्यावेत. शेवटी सामू (पीएच) तपासावा. टोमॅटोसाठी अशा माध्यमात तो 5.5 ते 6.5 असावा.

प्लास्टिकच्या कुंड्या आधी ब्रशने घासून माती पूर्ण काढावी, कारण सेंद्रिय घाण क्लोरीनला निष्प्रभ करते. मग एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी यांच्या द्रावणात त्या किमान 10 मिनिटे बुडवून स्वच्छ धुवाव्यात. या द्रावणात कोणतेही आम्ल मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो.

खडीचा थर देऊ नये. बारीक माध्यमातील पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही, ते खडीच्या वरच अडते आणि मुळांची जागा उलट कमी होते. भोके मोकळी ठेवून कुंड्या जमिनीपासून थोड्या उचलून ठेवाव्यात.

टोमॅटोच्या जागी या हंगामात काकडी घेता आली तर उत्तम, कारण टोमॅटोवर मर आणणारी फ्युजेरियम बुरशी काकडीला लागत नाही. मात्र कारण सूत्रकृमी (मुळांवर गाठी आणणारे सूक्ष्म कृमी) असते, तर हा सल्ला चालला नसता. त्यांना काकडीही तितकीच प्रिय असते. त्यामुळे बाकीच्या बॅगा रिकाम्या करताना त्यांतील मुळांवर कुठे गाठी आहेत का, ते अवश्य पाहून येथे कळवावे.