रबर बंपरवाली एमजीबी खाली घ्यावी की नाही?

डोंबिवली_ते_डर्बी:
मंडळी, एका निर्णयावर घोडं अडलंय. माझ्याकडे १९७६ची एमजीबी रोडस्टर आहे, म्हणजे ब्रिटिश बनावटीची उघडी स्पोर्ट्स कार. या गाडीचा इतिहास ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: १९६२ ते १९८० या काळात ही गाडी ऑक्सफर्डजवळ अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात बनली. सप्टेंबर १९७४मध्ये क्रोमचे बंपर जाऊन काळे रबरी बंपर आले. बंपर जमिनीपासून १६ ते २० इंचांच्या पट्ट्यात हवा, असा अमेरिकेचा नियम होता आणि या गाडीचं मोठं गिऱ्हाईक अमेरिकाच. म्हणून कंपनीने अख्खी गाडी साधारण इंचभर उचलली. त्यातच पुढचा अँटी-रोल बारही (दोन्ही बाजूंची चाकं जोडून गाडीचं झुकणं रोखणारा दांडा) काढून टाकला. व्हायचं तेच झालं, वळणावर गाडी झुकायला लागली. १९७७च्या मॉडेलला पुढे-मागे दोन्हीकडे बार दिले, पण माझी गाडी नेमकी मधल्या काळातली.

राउंडअबाउटला थोडा वेग असला की बाहेरच्या बाजूचं पुढचं चाक मडगार्डात शिरतं, आणि स्टिअरिंग सरळ केल्यावर बॉडी एक झोका घेऊन मग सावरते. विचार असा आहे की पुढे आखूड स्प्रिंगा टाकायच्या आणि मागे पाटे (लीफ स्प्रिंगा) व अ‍ॅक्सलच्या मध्ये इंचाचे ठोकळे. म्हणजे गाडी क्रोम बंपरवालीच्या उंचीला येईल. याला मी मॉडिफिकेशन म्हणतच नाही. मुळात गाडी ज्या उंचीवर आखली होती तिथे ती परत न्यायची, एवढंच. तुम्हाला काय वाटतं?

बिनछताची:
+१. बिनधास्त करा. उंची वाढवली ती कायद्यापायी, गाडी चांगली व्हावी म्हणून नव्हे. तो कायदा तुमच्या डर्बीला कधीच लागू नव्हता. चाक आणि मडगार्ड यांच्यामधली ती मोकळी जागा बघवत नाही. खाली घेतलेली एमजीबी एकदा चालवून बघा, मग विचारायची गरजच उरणार नाही.

जुनं_जपा:
ठाम विरोध. "मुळात आखली त्या उंचीवर" हे ऐकायला छान वाटतं, पण तुमची गाडी १९६२ची नाही, १९७६ची आहे. ती कारखान्यातून बाहेर पडली तीच या उंचीवर. सत्तरच्या दशकात ब्रिटिश मोटार उद्योगाची काय ओढाताण चालली होती, अमेरिकेच्या एका नियमासाठी किती तडजोडी झाल्या, ते या गाडीच्या अंगावर दिसतं. क्रोम बंपर लावून, खाली घेऊन, रबर बंपरच्या कितीतरी गाड्यांची ओळख लोकांनी पुसून टाकली आहे. क्रोमवाली आवडते तर क्रोमवाली घ्या. बाजारात मुबलक आहेत, एमजीबी आणि तिची पक्क्या छताची बहीण जीटी मिळून पाच लाखांच्या वर गाड्या बनल्या होत्या.

बिनछताची:
@जुनं_जपा, गाडी संग्रहालयात ठेवायची असती तर पटलं असतं. ती रोज रस्त्यावर येते. चालवणाऱ्याला वळणावर धाकधूक वाटत असेल तर इतिहासाचं काय करायचं?

स्पॅनरवाली:
दोघांच्याही भांडणात मूळ प्रश्न बाजूला पडतोय. धागाकर्त्यांची तक्रार झुकण्याची आहे आणि उपाय ते उंचीवर शोधताहेत. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

या गाडीला पुढे प्रत्येक चाक धरणारे खाली-वर दोन आर्म आहेत, आणि वरचा आर्म म्हणजे शॉकअपचाच हात (जुने लिव्हर आर्म शॉकअप). रबर बंपरवालीत कंपनीने आखूड-लांब स्प्रिंगांचा खेळ केला नाही. पुढचा क्रॉसमेंबर (पुढचं सस्पेन्शन ज्यावर बसतं ती आडवी तुळई) बदलून बॉडी त्याच्यावर उंच बसवली. म्हणजे आर्मचे कोन जवळपास पूर्वीचेच राहिले. आता तुम्ही आखूड स्प्रिंगा टाकल्या की बॉडी खाली येईल, पण खालचे आर्म आडव्याच्या पलीकडे, चाकाच्या बाजूने वर कलतील. त्याने रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती बॉडी झुकते तो) गाडीच्या वजनाच्या मध्यापेक्षा जास्त खाली उतरतं. गाडी खाली आली तरी या दोहोंमधलं अंतर वाढलं, म्हणजे झुकवणारी तरफ लांब झाली! लो केलेली गाडी कमी झुकते असं वाटतं ते बहुतेक वेळा आखूड स्प्रिंगा सोबत कडकही असतात म्हणून. शिवाय स्टिअरिंगचे टाय रॉड (चाकं वळवणारे दांडे) आणि आर्म यांचा मेळ बिघडला की एका चाकाखाली खड्डा आला तरी स्टिअरिंग हिसका देतं. डर्बीशायरच्या गावातल्या रस्त्यांवर हे नको.

मागचं तर सरळ मोजता येईल. गाडी चाकांवर उभी असताना टॉर्च घेऊन वाकून बघा. अ‍ॅक्सलच्या वर बॉडीला रबरी बंप स्टॉप आहे. त्या दोघांमधलं अंतर म्हणजे खड्ड्यात चाकाला वर यायला मिळणारी जागा. इंचाचा ठोकळा टाकलात की त्यातला पूर्ण इंच गेला. पाटे थकलेले असतील तर तो इंच आधीच कमी झालेला असतो. मग दोन माणसं आणि डिकीत सामान घेऊन निघालात की प्रत्येक गतिरोधकावर ठोका बसेल. ठोकळ्याने अ‍ॅक्सल पाट्यापासून लांब जातो, त्यामुळे जोरात क्लच सोडला की पाटा आधीपेक्षा जास्त पिळतो तो भाग वेगळाच.

माझं मत: आधी पुढचा अँटी-रोल बार बसवा. मधल्या काळातल्या गाडीतून काढलेला भाग तोच आहे, आणि क्रोमवाल्या जीटीला तो असायचाच. जोडीला शॉकअपचं तेल बघा, आर्मचे बुश (सांध्यातले रबर) बदला, टायर किती वर्षांचे आहेत ते बाजूच्या तारखेवर वाचा. झोका घेऊन सावरते म्हणालात ना, त्यात निम्मा हात थकलेल्या शॉकअपचा असणार.

रेडिंगवाला:
दोन व्यवहारी गोष्टी. इथे ब्रिटनमध्ये गतिरोधक १०० मिलिमीटरपर्यंत उंच करायची परवानगी आहे, आणि एमजीबीचा सायलेन्सर सगळ्यात खाली लोंबतो. इंच गमावल्यावर तोच आधी घासणार. दुसरं, काहीही बदललं तरी विमा कंपनीला कळवा. ४० वर्षांवरच्या गाडीला एमओटीतून (दरवर्षीच्या सक्तीच्या वाहन तपासणीतून) सूट आहे, पण सस्पेन्शनचा प्रकारच बदलला तर ती सूट धोक्यात येते. स्प्रिंग बदलणं त्यात येत नाही. मात्र मागे पाटे काढून कॉइल स्प्रिंगांचा संच लावायचा मोह झाला तर आधी नियम वाचा.

डोंबिवली_ते_डर्बी:
@स्पॅनरवाली, कोनांचा मुद्दा डोक्यात शिरला. मग स्प्रिंगांच्या नादाला न लागता क्रोमवालीचा क्रॉसमेंबरच आणून लावला तर?

स्पॅनरवाली:
शास्त्राला धरून तोच रस्ता बरोबर आहे. पण क्रॉसमेंबरबरोबर स्टिअरिंग रॅक (चाकं वळवणारी दातेरी पट्टी) वर सरकतो, आणि रॅक व कॉलम (स्टिअरिंगचा दांडा) यांच्यामधला सांधा एका रेषेत बसवून घ्यावा लागतो. तो नीट जमला नाही तर सांधा झिजतो आणि स्टिअरिंग अडखळतं. मागे ठोकळ्यांऐवजी कमी कमानीचे पाटे. इतकं सगळं करायची तयारी असेल तर माझा विरोध नाही. आखूड स्प्रिंगा आणि ठोकळे, एका शनिवारचं काम, याला मात्र आहे.

बिनछताची:
मी अजूनही म्हणेन, बार लावा आणि खालीही घ्या. कित्येक जण वर्षानुवर्षं आखूड स्प्रिंगांवर आनंदाने फिरताहेत.

जुनं_जपा:
बार कारखान्याच्या यादीतलाच भाग आहे, त्याला माझा आक्षेप नाही. क्रॉसमेंबर बदलण्याला आहे, आणि राहील.

डोंबिवली_ते_डर्बी:
ठरलं तर. ठोकळे रद्द. या हिवाळ्यात बार, बुश आणि शॉकअप. उंचीचं त्यानंतर, गाडी चालवून बघून. काम सुरू करायच्या आधी काय मोजून ठेवू?

स्पॅनरवाली:
गाडी सपाट जागी उभी करा, टायरमध्ये हवा नेमकी भरा, टाकी अर्धी ठेवा. चारही चाकांच्या हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कमानीपर्यंत अंतर घ्या. टायरवर मोजू नका, टायरगणिक फरक पडतो. डाव्या-उजव्यात अर्ध्या इंचाचा फरक निघाला तर बारच्याही आधी स्प्रिंगा आणि पाटे बघावे लागतील. मागचं बंप स्टॉपचं अंतरही लिहून घ्या आणि आकडे इथे टाका.